दिवस मोजणारा कायदा आणि दूरदेशीचा डाव

प्राप्तिकराचा कायदा नागरिकत्वापेक्षा मुक्कामाला अधिक वजन देतो. आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा त्याहून अधिक काळ भारतात राहिलेली व्यक्ती कराच्या दृष्टीने ‘रहिवासी’ ठरते आणि जगात कुठेही मिळवलेल्या उत्पन्नाचा हिशेब तिला इथे द्यावा लागतो, तर अनिवासी व्यक्तीकडून भारतात उद्भवलेल्या किंवा भारतात हाती आलेल्या उत्पन्नापुरताच कर मागता येतो. उत्पन्न मिळवण्यासाठी माणसाला कुठेतरी प्रत्यक्ष हजर असावे लागते, हे या रचनेतले गृहीतक मोबाइलवरच्या जुगाराने निकामी केले आहे.

हा प्रश्न महानगरांपुरता उरलेला नाही. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे आमगाव हे गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यातले तालुक्याचे गाव. त्याच मार्गावर पुढे छत्तीसगडमधले भिलाई लागते, जिथल्या दोघांनी ‘महादेव’ हे सट्ट्याचे ॲप दुबईतून चालवल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे. खुद्द गोंदियातल्या एका संशयिताविरुद्धही जुलै 2023 मध्ये ऑनलाइन जुगारातून 58 कोटी रुपयांच्या फसवणुकीची तक्रार नोंदली गेली आणि नागपूर पोलिसांचा छापा पडण्याआधीच तो दुबईला निघून गेला. विदर्भात पैज लावण्याला ‘लगवाडी’ आणि ती स्वीकारण्याला ‘खायवाडी’ म्हणतात. करनिवासाचा विचार करताना ही दोन माणसे वेगळी ठेवणे फार गरजेचे आहे, कारण परदेशी गेल्यावर दोघांची वाट सारखी राहत नाही.

आधी लगवाडी करणारा. आमगावचा एखादा तरुण सप्टेंबरच्या मध्यावर नोकरीसाठी दुबईला गेला आणि मार्चअखेरपर्यंत परतला नाही, तर त्याचे भारतातले दिवस 182 च्या आत राहतात व तो अनिवासी ठरतो. मात्र नोकरी नसताना, केवळ पर्यटनाच्या परवान्यावर खेळत बसण्यासाठी गेलेल्याला दुसरी कसोटी लागते: त्या वर्षात 60 दिवस आणि मागील चार वर्षांत मिळून 365 दिवस भारतात राहिलेला माणूस रहिवासीच असतो. परदेशी रोजगारासाठी निघालेल्या नागरिकाला या 60 दिवसांऐवजी 182 दिवसांची सवलत आहे आणि केरळ उच्च न्यायालयाने त्या ‘रोजगारात’ स्वतःचा व्यवसायही धरला आहे. पण नशिबावर पैसे लावणे हा व्यवसाय मानावा काय, या प्रश्नावर सवलत मागणाऱ्याची बाजू लंगडीच दिसते. शिवाय भारत व अमिरात यांच्यातील दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार तिथला रहिवासी ठरण्यासाठी व्यक्तीला एका कॅलेंडर वर्षात किमान 183 दिवस तिथे राहावे लागते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या पाहुण्याला त्या कराराचा आडोसा मिळत नाही.

खायवाडी करणाऱ्याची गाठ 2020 च्या दुरुस्तीशी पडते. परदेशी उत्पन्न वगळता 15 लाख रुपयांहून अधिक कमावणारा भारतीय नागरिक निवासाच्या आधारे दुसऱ्या कोणत्याही देशात करपात्र नसेल, तर तो इथला ‘मानीव रहिवासी’ समजला जातो, म्हणजे प्रत्यक्ष दिवस न मोजता कायदा त्याला रहिवासी धरून चालतो. अमिरातीत वैयक्तिक प्राप्तिकर नसल्याने ही तरतूद आखातातल्या प्रत्येकाच्या मानगुटीवर बसेल, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली. ती अतिरंजित होती, कारण अशा व्यक्तीच्या परदेशी उत्पन्नावर कर लागतो तो मुख्यतः ते भारतातून नियंत्रित होणाऱ्या धंद्यातून आले असेल तरच. गोंदियातले हस्तक हाताशी धरून चालणारी खायवाडी त्या कक्षेत येऊ शकते. आखातात पगारावर राबणारा सहसा येत नाही.

डाव नेमका कुठे घडतो, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या बक्षिसी शब्दकोड्यांवर मुंबई राज्याने कर लावला, तेव्हा चमारबागवाला प्रकरणात 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने छपाई परराज्यात असली तरी प्रवेशशुल्क व प्रवेशिका मुंबई राज्यात गोळा होतात, एवढा भौगोलिक संबंध पुरेसा मानला. 2023 पासून ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकीवर सरसकट 30 टक्के कर आणि रक्कम काढतानाच करकपात ही रचना त्याच दिशेने जाते, कारण तिचे लक्ष खेळाडूच्या मुक्कामापेक्षा पैशाच्या वाटेवर आहे. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला, तरी करदायित्व संपले असे समजणे चूक आहे. तस्कराचा धंदासुद्धा प्राप्तिकराच्या हिशेबात धंदाच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच मान्य केले होते (आणि गंमत अशी की, त्या निकालाचा लाभ तस्करालाच जप्त रकमेची वजावट मिळण्यात झाला).

अनिवासी जिंकणाऱ्याचा खरा घात बहुधा दिवसांच्या मोजणीत होत नाही, तर पैसे घेण्याच्या पद्धतीत होतो. दुबईतल्या बँक खात्यात आधी जमा होऊन नंतर घरी पाठवलेली जिंक केवळ पाठवल्यामुळे भारतात करपात्र होत नाही, कारण कायदा पहिल्या प्राप्तीचे ठिकाण पाहतो. पण तीच रक्कम बँक टाळून हवालामार्गे घरच्यांना गावातच रोखीने मिळाली, तर ती खेळाडूच्या वतीने भारतात झालेली पहिली प्राप्ती ठरू शकते, आणि मग वर्षातले सगळे दिवस परदेशात काढल्याचे पारपत्रावरचे शिक्केही त्याला करातून सोडवत नाहीत.