चौक कोणी लिहिला?

वारली समाजात लग्नाचा चौक काढत नाहीत, ‘लिहितात’. साहित्याच्या अभ्यासकाला या क्रियापदापाशी थांबणे भाग आहे. कारवीच्या काठ्यांचा शेणामातीने लिंपलेला कूड, त्यावर गेरू, आणि गेरूवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने सवासिणी चौक लिहितात. मध्यभागी पालघाट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते. चौकावाचून लग्न लागत नाही. या संहितेखाली नाव नसते, आणि कूड पुन्हा सारवला की संहिताही उरत नाही.

पालघर-बोईसरकडच्या विद्यार्थ्यांना रोलाँ बार्थचा १९६७ मधील ‘लेखकाचा मृत्यू’ शिकवताना मी हा चौक आदर्श उदाहरण म्हणून देत असे. एका वारली विद्यार्थिनीने तासानंतर विचारले, “मॅडम, माझी आजी चौक लिहिते. तिला कधी कोणी लेखक म्हटलंच नाही. मग मेलं कोण?” ते उदाहरण देणे मी तेव्हापासून थांबवले.

बार्थच्या लेखकापाशी अर्थावरचे स्वामित्व होते, म्हणून ते हिरावता आले. सवासिणींचे निनावीपण अशा कोणत्याही स्वामित्वाच्या त्यागातून आलेले नाही. तेवढ्यावरून त्याला अन्याय म्हणणेही उतावीळपणाचे होईल, कारण चौक अनेक हातांचा असतो आणि त्याला अधिकार मिळतो तो विधीतून. (त्या अधिकाराचे उदात्तीकरण मात्र नको, ‘सवासीण’ या शब्दातच विधवेला वगळलेले आहे.)

१९७० च्या दशकाच्या आरंभी, भास्कर कुलकर्णी यांच्या पुढाकाराने, ही चित्रे कागदावर आली. कागद विकता येतो. विकल्या जाणाऱ्या चित्राला सही लागते. आणि सही प्रामुख्याने पुरुषांची झाली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेविषयी वाद नाही. वाद आहे तो सही दिसल्याखेरीज कर्तृत्व न ओळखणाऱ्या आपल्या समीक्षेशी.

अल्जीरियातील कबाइली स्त्रियांनी चाकाशिवाय, हातांनी घडवून रंगवलेली घरगुती भांडी युरोपातील संग्रहालयांत आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर बहुधा प्रदेशाचे नाव असते, घडवणारीचे नसते. तिथे वस्तू उचलून नेणाऱ्याने नाव विचारले नाही, हा दोष निश्चित करता येतो. चौकाच्या बाबतीत नेण्यासारखी वस्तूच नव्हती. नेली गेली ती रीत. मग विचारायचे कोणी?

माझ्या मते आपण विचारावे. नाव चौकाखाली घालू नये, तिथे त्याला जागा नाही. परंतु आपल्या टिपणांत, पाठ्यक्रमांत आणि प्रबंधांत ते असावे, आणि तेही संबंधित स्त्रीच्या संमतीने. त्या विद्यार्थिनीने आजीचे नाव मला सांगितले आहे. आजींना मात्र अजून विचारलेले नाही; म्हणून ते येथे नाही.