भिंतीपलीकडचा खर्ज

घर आमचे, वीज आमची, यंत्रही आमच्याच पैशाचे. मग त्यातून निघणारा आवाज कोणाचा? हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. परंतु बिदर, भालकी, बसवकल्याण, गुलबर्गा (२०१४ पासून सरकारदप्तरी कलबुर्गी, आमच्या जुन्या पिढीच्या तोंडी मात्र अजून गुलबर्गाच) या गावांतील आपल्या घरांत आता दिवाणखान्याच्या भिंतीवर भला मोठा पडदा, त्याच्या भोवती पाच स्पीकर आणि कोपऱ्यात एक ठेंगणी काळी पेटी अशी मांडणी सर्रास आढळते. ही पेटी म्हणजे सबवूफर. कोणती घ्यावी, किती मोठी घ्यावी, कोठे ठेवावी याची चर्चा लग्नकार्यातसुद्धा ऐकू येते. ती चर्चा केवळ यंत्राची आहे असे आम्हांस वाटत नाही. तिच्या पोटात शेजारधर्माचा एक जुना प्रश्न नव्या रूपाने दडलेला आहे.

आधी यंत्राची गोष्ट सांगणे भाग आहे. होम थिएटरच्या रूढ रचनेत तीन स्पीकर समोर, दोन बाजूंना किंचित मागे आणि एक सबवूफर असतो. समोरच्या तिघांतील मधला सर्वांत महत्त्वाचा, कारण पात्रांचे बहुतेक संवाद त्यातून येतात. सबवूफरकडे येतो तो खर्ज. साधारणतः ८० हर्ट्झच्या खालचा आवाज त्याच्याकडे सोपवण्याची पद्धत आहे, कारण एवढा खालचा आवाज कोणत्या दिशेने आला हे कानाला सहसा कळत नाही. पेटी कोठेही असली तरी चालते असे म्हणतात ते यामुळे. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने स्पष्ट करणाऱ्या तीन हजार हर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम साडेचार इंच. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे २८ फूट. साडेचार इंचांची लाट भिंतीवर आपटून परतते, पडद्यात, गादीत, पुस्तकांच्या कपाटात जिरते. २८ फुटांच्या लाटेला पडदा म्हणजे काहीच नव्हे. ती भिंतीलाच किंचित हलवते आणि पलीकडे उतरते.

यातून जे घडते त्याकडे आमचे फारसे लक्ष गेलेले नाही. भिंत ही एक चाळणी आहे. शब्द ती अलीकडे राखते आणि धमधम तेवढी पलीकडे सोडते. आपण घरात एखादे जुने मराठी नाटक लावावे, एखादा चांगला मराठी चित्रपट पाहावा. त्यातली भाषा, त्यातला विनोद, त्यातले गाणे यांतले काही एक शेजारच्या घरी पोहोचत नाही. पोहोचतो तो फक्त गडगडाट. आपण या मुलुखात कित्येक पिढ्या राहिलो. शेजारी कानडी, उर्दू, तेलुगू बोलणारे. त्यांच्या सणावारी आपण गेलो, आपल्या घरी ते आले. आपली भाषा आपण घरात जपली आणि तिचा सुगंध शेजारी जावा असे मनोमन इच्छिले. आता आपल्या घरातून शेजाऱ्याच्या उशापर्यंत जे जाते त्यात मराठी नावालाही नाही. अर्थ गाळून उरलेला तो केवळ कंप आहे, आणि शेजाऱ्यास त्या कंपावरूनच आपली ओळख राहणार असेल तर ही बाब किरकोळ म्हणता येत नाही.

आवाज वाटून घेणे हे एके काळी औदार्याचे लक्षण होते. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण वर्षभर प्रसारित झाले, तेव्हा ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर आळी जमे. रेडिओ खिडकीशी आणून ठेवणारा गृहस्थ शेजाऱ्यास त्रास देत नव्हता, बोलावीत होता. त्या आवाजात शब्द होते आणि ऐकणारा आपल्या पायांनी आलेला होता. खर्जाची गोष्ट याहून निराळी. नगारा, चौघडा, तोफ हे सारे खालचे, दूरवर जाणारे आवाज किल्ल्याचे आणि देवळाचे होते, म्हणजे सर्वांचे होते. बिदरच्या किल्ल्यावर ज्या अवाढव्य तोफा आज नुसत्या पडून आहेत, त्या वाजल्या तर त्याचा अर्थ साऱ्या शहराला ठाऊक असे. दारे लावून, पाचजणांच्या करमणुकीसाठी तोफ उडवण्याची सोय कोणा बादशहालाही नव्हती. ती प्रथम आमच्या पिढीच्या वाट्याला आली. तिच्याविषयीचे संकेत आमच्याजवळ नाहीत यात नवल ते काय?

युरोपात कांट या तत्त्वज्ञाला हा प्रश्न दोन शतकांपूर्वी बोचला होता. कोनिग्सबर्ग शहरात त्याच्या घराजवळ तुरुंग होता आणि कैद्यांकडून मोठ्याने स्तोत्रे म्हणवून घेतली जात. १७८४ मध्ये त्याने नगराच्या अधिकाऱ्याकडे याविषयी पत्र लिहून तक्रार केली. पुढे १७९० च्या आपल्या सौंदर्यमीमांसेच्या ग्रंथात त्याने संगीतावर ठपका ठेवला की ही कला शेजाऱ्यांची पुरेशी अदब राखत नाही. चित्र नको असेल तर नजर वळवता येते, संगीत मात्र अत्तर लावलेल्या रुमालासारखे, आसपासच्या साऱ्यांना हुंगायला लावणारे. कांट जरा तुसडा होता असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही. पण त्याचा मुद्दा पक्का आहे. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही.

आपल्याकडे कायदा आहेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. नंतरच्या दुरुस्तीने खाजगी घरातील ध्वनियंत्रासही बंधन घातले: घराच्या हद्दीवर त्याचा आवाज या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोलण्याच्या हक्कात दुसऱ्याला ऐकण्याची सक्ती करण्याचा हक्क येत नाही. हे सर्व योग्यच. पण मोजमापाच्या त्या पट्टीत एक गोम आहे. हे डेसिबल ‘ए’ नावाच्या मापाने मोजतात, आणि माणसाचा कान खालचे आवाज मंद ऐकतो म्हणून ते माप खर्जाला मोठी सूट देते. ४० हर्ट्झला ही सूट जवळजवळ ३५ डेसिबलची आहे. म्हणजे ७५ डेसिबलचा घुमारा यंत्र ४० म्हणून नोंदवणार, आणि रात्रीच्या मर्यादेत तो सुखेनैव बसणार. माप मूर्खपणाचे नाही. रस्त्यावरच्या सरमिसळ गोंगाटाला ते बरे लागू पडते. परंतु भिंतीने बाकीचे सारे गाळून टाकल्यावर, गाव निजल्यावर, एकटा खर्ज उरतो तेव्हा त्याचा जाच या आकड्यात उतरत नाही. शेजाऱ्याने तक्रार केली तरी कागदावर ती सिद्ध होईलच असे नाही. म्हणून आम्ही म्हणतो की हा प्रश्न कायद्याच्या हातून निसटून पुन्हा गृहस्थाच्या सदसद्विवेकाकडे आलेला आहे.

आता मांडणी. आपल्याकडच्या घरांचा विचार केला तर जुनी माळवदाची घरे या बाबतीत नशीबवान. त्यांच्या मातीच्या जाड भिंतींना वजन आहे, आणि खर्ज अडवायला वजनाखेरीज दुसरा सोपा उपाय नाही. नव्या स्लॅबच्या घरांत, विशेषतः दोन घरांत मिळून एकच साडेचार इंची विटांची भिंत असेल तेथे, सर्व उघडे आहे. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणे, फोम लावणे, जाड पडदे सोडणे यांनी खोलीतला खणखणाट कमी होतो. आपल्या जिल्ह्याच्या शहाबादी फरशीवर सतरंजी अंथरली तर संवाद खचितच स्पष्ट होतात. फरशी कठीण, ती बारीक आवाज जसाच्या तसा परतवते. सबवूफरच्या पायाखाली रबराचे तुकडे ठेवल्याने जमिनीतून जाणारा हादराही थोडा घटतो. पण हवेतून भिंतीवर आदळणारा खर्ज यांतल्या कशालाच जुमानत नाही.

एक गोष्ट तर विलक्षण आहे. समजा खोली चौदा फूट लांब आहे. ४० हर्ट्झची अर्धी लाट नेमकी तेवढीच. अशा खोलीत तो सूर दोन्ही टोकांच्या भिंतींशी सर्वाधिक दाटतो आणि मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. खोली चौकोनी असेल, लांबी-रुंदी सारखी, तर हा दोष दुणावतो. घरधनी बहुधा मध्यावरच सोफा टाकून बसलेला. त्याला खर्ज कमी ऐकू येतो. तो घुंडी पिळतो. त्याच क्षणी भिंतीशी तो सूर आणखी दाटतो आणि पलीकडे जातो. ज्याला हवा आहे त्याला मिळत नाही आणि ज्याला नको आहे त्याला भरभरून मिळतो. उपाय स्वस्त आहे: सोफा मध्यातून एक-दोन फूट सरकवावा, पेटी कोपऱ्यातून काढावी. कोपऱ्यात ती सर्वांत जास्त गरजते, म्हणून दुकानदार ती कोपऱ्यात ठेवून दाखवतो.

पेटीची योग्य जागा शोधण्याची जाणकारांची एक रीत आहे, ती आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. पेटी उचलून आपल्या बसण्याच्या जागी, थेट सोफ्यावर ठेवायची. खालच्या सुरांचे चढउतार असलेले काही वाजवायचे. मग आपण गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीजवळ नेत, भिंतीच्या कडेने खोलीभर फिरायचे. ज्या ठिकाणी सगळे सूर सारखे, न फुगता ऐकू येतील तेथे पेटी मांडायची आणि आपण पुन्हा सोफ्यावर जायचे. ध्वनिशास्त्राचा नियम असा की वाजवणारा आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली तर ऐकू येणारे बदलत नाही. म्हणून ही युक्ती चालते. आपल्या परंपरेत आत्मौपम्य हा शब्द जुना आहे. दुसऱ्याच्या ठिकाणी स्वतःला ठेवून पाहणे, हे त्याचे सार. येथे तर ते अक्षरशः गुडघे टेकून करायचे आहे. मात्र रांगणारा गृहस्थ आपल्याच चार भिंतींत रांगतो आणि थांबतो. पाचवी जागा भिंतीपलीकडे आहे, आणि तेथे उंबरठा ओलांडून जावे लागते.

विचारून पाहावे तर शेजारी काय सांगेल? ‘परवागिल्ल’ म्हणेल. उर्दू बोलणारा ‘कोई बात नहीं’ म्हणेल. या मुलुखाची अदबच तशी आहे. तोंडावर नाही म्हणणे येथे कोणाला जमत नाही, आपल्यालाही जमत नाही. म्हणून या उत्तराला संमती समजणे हा आम्हांस कावेबाजपणा वाटतो. त्यातून शेजारी भाडेकरू असेल, घरमालक आपणच असू, किंवा पलीकडे दीर्घ आजारी कोणी अंथरुणावर असेल, तर त्या ‘परवागिल्ल’चे मोल आणखी उतरते. तोंडी विचारण्याऐवजी रात्री साडेनवाला त्याच्याकडे चहाला जावे, घरी मुलाला नेहमीच्या आवाजात चित्रपट लावायला सांगावे, आणि त्याच्या खोलीत स्वतः बसून ऐकावे.

याला एक आक्षेप हमखास येतो: बाहेर मिरवणुकीचे डीजे, लग्नाचे बँड, सप्ताहाचे आणि सगळ्या धर्मस्थळांचे भोंगे चालतात, मग आमच्या पेटीनेच काय घोडे मारले? तुलना सर्वस्वी निरर्थक नाही. पण मिरवणुकीला तिथी असते, ती कशासाठी आहे हे गावाला कळते, आणि ती संपते. घरातला खर्ज कोणत्याही रात्री, कारणावाचून येतो. शिवाय रस्त्यावर अतिरेक होतो म्हणून घरातल्या अतिरेकाला परवाना मिळतो, हे तर्कशास्त्र कोठले?

न्यायाचा प्रश्न घरातही आहे, आणि तो अधिक नाजूक. वय वाढते तसे कानाचे वरचे सूर आधी जातात. आजींना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. ‘जरा मोठं कर रे’ असे त्या म्हणतात. नातू सगळाच आवाज वाढवतो. धमाके वाढतात, आजी दचकतात, संवाद तरीही निसटतो, आणि थोड्याच दिवसांत त्या आपल्या खोलीत जाऊन बसतात. वास्तविक वाढवायचा होता तो फक्त मधला स्पीकर. बहुतेक रिसीव्हरमध्ये त्याची पातळी वेगळी ठेवता येते. खर्ज उलट कमी करायचा. ‘नाइट मोड’ नावाची सोय असेल तर ती हळू-मोठ्यातील अंतर आवळते, तीही वापरावी. जी मांडणी घरातल्या वृद्धाला शब्द मिळवून देते तीच शेजाऱ्यालाही झोप देते, हा योगायोग सुखद आहे.

खरेदी करणाऱ्यास दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. खोक्यावरचे ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट हा शुद्ध बडेजाव, आरएमएसचा आकडा पाहावा. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तो ३ डेसिबल. लहान खोलीला मध्यम आकाराची बंद पेटी पुष्कळ होते. खोलीच्या भिंतीच तिला खाली साथ देतात. मैफलीत तंबोऱ्याचा खर्ज वेगळा ऐकू आला की काहीतरी बिघडले असे जाणकार समजतात. सबवूफरचेही तेच: तो आहे हे पाहुण्याला कळता कामा नये.

आणि घुंडी कमी करताना कोणाला फार गमावल्यासारखे वाटत असेल, तर कानाच्या एका गुणाची आठवण ठेवावी. खालच्या सुरांत जोर थोडासा घटला तरी भास पुष्कळ घटतो, आणि भिंतीपलीकडे तर हा आवाज आधीच ऐकू येण्याच्या काठावर असतो. पाच-सहा डेसिबल उतरवले तर सोफ्यावर बसलेल्याला थोडे उणे वाटेल. पलीकडच्या खोलीत बहुधा काहीच ऐकू येणार नाही.