आव्यातली जागा

एकाच मातीच्या गोळ्यातून, एकाच चाकावर, एकाच हाताने घडवलेली दोन मडकी एकाच आव्यात भाजली, तरी ती सारखी निघत नाहीत. पनवेल तालुक्यातील एका कुंभाराच्या अंगणात, थंड झालेला आवा उघडला जात असता, आम्ही उभे होतो. राख बाजूला सारून एकेक मडके बाहेर येत होते. कुंभार प्रत्येकावर टिचकी मारी आणि कान देई. काही मडकी खणखणीत वाजली, काही बद्द. बद्द वाजलेली त्याने वेगळी ठेवली. ‘ही वाईट निघाली का?’ असे आम्ही विचारले. ‘वाईट नाहीत, कडेला होती,’ एवढेच तो म्हणाला.

त्या उत्तराने आम्ही अंतर्मुख झालो. माणसांना टिचकी मारून पाहण्याची सवय आपल्या सर्वांनाच आहे. कडेला कोण होते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

लाकडे, गोवऱ्या आणि पेंढा यांच्यामध्ये मडकी रचून पेटवलेल्या आव्यात धग सगळीकडे सारखी पोहोचत नाही. मध्यभागी ती टिकते. कडेची वारा पळवून नेतो. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे मातीच्या घडणीतच बांधलेले पाणी निघून जाते आणि मग ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. जेथे हवा खेळते तेथे मातीतील लोहामुळे मडके तांबडे होते. जेथे धूर कोंडतो तेथे तेच लोह काळपट रंग देते. माती तीच, लोहही तेच.

उंच तापमानाच्या लाकडी भट्टीत हा भेद अधिकच ठळक होतो. जपानमधील ‘अनागामा’ भट्टी दिवसेंदिवस पेटती ठेवतात. आपल्याकडे १९७१ मध्ये पाँडिचेरी येथे सुरू झालेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीमुळे लाकडावर भाजलेली टणक भांडी अनेकांच्या परिचयाची झाली. अशा भट्टीत तापमान १२०० अंशांच्या वर गेले, की ज्वाळांबरोबर उडालेली राख भांड्यांवर बसते, मातीतील वाळूच्या अंशाशी मिसळून वितळते आणि तिची काच होते. जी बाजू ज्वाळेसमोर असते तिच्यावर झिलई ओघळते. पाठमोरी बाजू कोरडी राहते. ही झिलई कुंभाराने लावलेली नसते आणि भांड्याने कमावलेलीही नसते. मग तिची स्तुती कोणाच्या खाती जमा करावी?

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ९ व्या अध्यायात कुंभाराच्या अधिकाराचा दाखला दिला आहे: एकाच गोळ्यातून मानाचे आणि हलक्या कामाचे पात्र घडवण्यास तो मोकळा आहे. हा अधिकार परमेश्वराचा आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु तो आपण आपल्या हाती घेतला, तर अनर्थ होतो. घरात कोणत्या मुलाला शिकवायचे, कोणत्या मुलीची शाळा सोडवायची, धर्मग्रामात कोणाला पुढे बोलवायचे, ही सारी आव्याची रचना आपणच करतो. पुढे कडेचे मडके बद्द वाजले, की मातीला बोल लावतो.

येथे कोणी विचारील: सारे काही जागेवरच अवलंबून असेल, तर माणसाची जबाबदारी कोठे उरली? शंका रास्त आहे. माती नीट मळली नसेल, तिच्यात खडा राहिला असेल, तर मधल्या जागेतही मडके तडकते. शिवाय मडक्याला आपली जागा सोडता येत नाही; माणसाला, थोडी का होईना, येते. टिचकीही खोटी नव्हे. कच्च्या मडक्याला पक्के म्हणून विकणे म्हणजे कोणाच्या तरी घरात पाणी सांडवणे होय. म्हणून परीक्षा हवीच. प्रश्न आहे तो परीक्षेनंतर आपण काय करतो याचा.

गोरा कुंभारांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून नामदेवांना कच्चे ठरवल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. त्या कथेचा उत्तरार्ध आपण विसरतो. नामदेवांना फेकून दिले गेले नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. कच्चेपण हा निकाल नव्हता, निदान होते.

जागा बदलता येते, हे मातीच्या धंद्यातही दिसते. याच तालुक्यातील तारा येथे, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरने ग्रामोद्योगांमध्ये मातीकामालाही स्थान दिले. कोपऱ्यात पडलेल्या हातांना मध्यभागी आणण्याचाच तो प्रयत्न होता.

निघताना आम्ही कुंभाराला त्या बाजूला ठेवलेल्या मडक्यांविषयी पुन्हा विचारले. पुढच्या आव्यात ती परत भाजायची आहेत, असे त्याने सांगितले. ‘आणि या वेळी ठेवणार कोठे?’ तो हसला. ‘मधोमध,’ म्हणाला.