सावड फक्त शेतापुरतीच का?

खाली बसा आणि नीट ऐका. तुम्हाला याच चौसाळ्यात मी बाराखडी गिरवायला लावली, तेव्हा चार शब्द सुनावायचा माझा हक्क आहे.

पेरणीला बैल कमी पडला की सावड करता. खुरपण आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. काढलेलं सोयाबीन भिजायला लागलं तर न बोलावता चार घरची माणसं धावतात. मग लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं करणाऱ्या सुनेला सावड का मिळत नाही? अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा पडतात. दिवसा आणि रात्रीही. ती सलग किती झोपत असेल, मांडा हिशेब!

आणि तुम्ही काय करता? भेटायला जाता. चहा पिता, तोही तिनंच करायचा! "लई सेवा करती बाई, पुण्य लागंल," म्हणून उठता. लाज वाटू द्या. पुण्याचं नाव सांगून एका जिवाला झिजवायचं, याला मी कौतुक म्हणणार नाही.

पुरुषांनो, इकडं बघा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्यांची काळजी घेताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. अशी काळजी घेणाऱ्या बायकांचा वेळ दिवसाला १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. लेकरांचं करणंही त्यात आलं. बापाला उचलून बसवायला लागणारा जोर तुमच्या दंडात आहे ना? मग भांडं द्यायला, अंग पुसायला बायकोला का हाक मारता?

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या जातात, म्हातारी माणसं मागं राहतात. मग आठवीतल्या पोरीचं नाव हजेरीत आणि पोर आजीच्या उशाशी. याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो.

केरळात कोझिकोड-मलप्पुरमकडं गावातलेच स्वयंसेवक आठवड्यातले थोडे तास काढून अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जातात. तुम्हाला काय अडचण आहे? दोन घरांनी जोडी लावा. मंगळवारी दुपारी दोन ते पाच हिनं तिच्या घरी बसायचं, शुक्रवारी तिनं हिच्या. गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहा. भरवताना डोकं उंच ठेवायचं, ठसका लागला की थांबायचं, एवढं आधी दाखवून द्या. पुरुष रुग्णाजवळ पुरुषानं बसावं. बचत गटाची बैठक होतेच, तिथंच पाळ्या ठरवा.

आणि सासऱ्याचं करणाऱ्या पोरी, तूही ऐक. त्या तीन तासांत भांडी घासायची नाहीत, ज्वारी निवडायची नाही. दार लोटून झोपायचं. "माझ्याबिगर त्यांना करमत नाही" हे बंद कर. तू अंथरुण धरलंस तर दोघांचं कोण करणार?

येत्या रविवारी कोणत्या घराची कोणाशी जोडी लागली, ते मला येऊन सांगा. कारणं ऐकायला मी बसलेलो नाही.