कागदाच्या पट्टीचा सवाल

हराम गोष्ट करायला जो निघालाच आहे, त्याचा जीव वाचेल अशी वस्तू त्याच्या हातात द्यावी का? दिली, तर त्याच्या गुनाहात आपणही भागीदार होतो का? सवाल जुना आहे. अमेरिका आणि कॅनडात तो एका बोटभर कागदी पट्टीमुळे नव्याने उभा राहिला.

तिथे हेरॉइनमध्ये, बनावट गोळ्यांमध्ये, कोकेनमध्येही फेंटॅनिल मिसळलेले सापडते. शस्त्रक्रियेत आजही वापरले जाणारे हे वेदनाशामक हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र आहे. मिठाच्या काही कणांइतके जास्त झाले, तरी श्वास थांबतो. २०२२ साली अमेरिकेत नशेच्या अतिमात्रेने १ लाखाहून अधिक माणसे दगावली. त्यांतल्या ७० हजारांहून अधिक मृत्यूंत फेंटॅनिल किंवा तशीच प्रयोगशाळेत बनलेली द्रव्ये होती. आपण काय घेतो आहोत, हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊकच नव्हते.

पट्टी एवढेच सांगते. थोडा माल पाण्यात विरघळवून ती बुडवायची आणि काही मिनिटे थांबायचे. एक रेघ उमटली तर फेंटॅनिल आहे, दोन उमटल्या तर आढळले नाही. (गरोदरपणाच्या चाचणीच्या नेमके उलट, म्हणून घोटाळाही होतो.) किती आहे, हे ती सांगत नाही. निटाझिन नावाची नवी द्रव्ये तिला ओळखता येत नाहीत, त्यांची पट्टी वेगळी. तेव्हा 'आढळले नाही' म्हणजे 'धोका नाही' असे मुळीच नव्हे.

तरीही अनेक राज्यांत ही पट्टी कायद्याने 'नशेचे साहित्य' होती. एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारने आपल्या अनुदानातून ती घ्यायला परवानगी दिली, आणि मग एकेक राज्य कायदा बदलू लागले.

पट्टी दिली तर नशेची भीती जाईल, असा आक्षेप घेतात. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. २६ जूनला आमची मुलेही फलकावर 'नशा म्हणजे मौत' असे लिहितात. पण या आक्षेपाचा अर्थ नीट पाहिला तर अंगावर काटा येतो. काही जण मेले पाहिजेत, म्हणजे बाकीचे घाबरतील, असाच तो होतो ना? शिक्षक म्हणून आम्ही शिक्षा करतो, पण मुलाने धडा शिकायला उरावे म्हणून.

शरीयतचे हेतू सांगताना इमाम गझालींनी दीन, जान, अक्ल, नस्ल आणि माल या पाचांची हिफाजत सांगितली. नशा हराम आहे ती अक्लच्या हिफाजतीसाठी. जानच गेली तर अक्ल कुणाची वाचवणार? अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांना फाशी देणाऱ्या इराणमध्येही २००५ साली न्यायपालिकेचे प्रमुख आयतुल्लाह शाहरूदी यांनी आदेश काढला होता. नशेबाजांना स्वच्छ सुया आणि मेथाडोन देणाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नका, असा तो आदेश. त्याने नशा काही हलाल झाली नाही.

एक रेघ पाहून माल फेकून देणारे थोडे, हे मान्य. बाकीचे कमी घेतात, एकटे असताना घेत नाहीत, श्वास परत आणणारे नॅलोक्झोन जवळ ठेवतात. पट्टी वाटणारे कार्यकर्ते मागणाऱ्याला उपचार केंद्राचा पत्ताही देतात. पहिल्याच भेटीत तो कुणी मागेल असे नाही.