फिर्यादी नसलेला अपराध

स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा आता घरबसल्या शिकता येतो. हार्वर्ड येथील विधि-विद्यालयाचे प्राध्यापक विल्यम फिशर यांनी २०१३ साली बारा आठवड्यांचा असा एक ऑनलाइन अभ्यासक्रम निःशुल्क सुरू केला. असे इतरही वर्ग आज चालतात. इंदूरचा अथवा बेळगावचा विद्यार्थी संगणकासमोर बसून व्याख्याने ऐकतो आणि शेवटी लेखी परीक्षा देतो. अशा परीक्षेत पुष्कळदा ग्रंथ उघडण्यास मुभा असते. मज्जाव असतो तो उत्तर दुसऱ्याकडून लिहवून घेण्यास. पर्यवेक्षक बहुधा कोणी नसतो.

या विषयाच्या परीक्षेत कोणी उचलेगिरी केली तर आपण म्हणू, कायदा शिकणाऱ्याने कायदाच मोडला! परंतु मौज अशी की, तो कायदा मोडतच नाही. १९५७ च्या भारतीय कायद्याच्या ५२ व्या कलमात, परीक्षेतील प्रश्नांच्या उत्तरांत इतरांचे लेखन उतरले तर तो हक्कभंग नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. शिक्षणासाठी दिलेल्या या सवलतीचा अर्थ दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात उदारपणे लावला, आणि ते योग्यच झाले. शिवाय कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे लोटली की त्याच्या ग्रंथावर कोणाचाच हक्क उरत नाही. आणि उत्तर यंत्राने लिहून दिले असेल, तर फिर्याद करण्यास कर्ताच सापडत नाही.

मग अन्याय झाला तो कोणावर?

तुकोबांच्या अभंगांवर आज कोणाचा स्वामित्वहक्क नाही. तरीही शेवटच्या चरणातील त्यांची नाममुद्रा पुसून तेथे आपले नाव घालणाऱ्यास कोणताही वारकरी क्षमा करणार नाही. याच्या उलट उदाहरणही आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे अशुद्ध झालेले पाठ शुद्ध केले, आणि पुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये अशी ताकीद दिली. वास्तविक ओवी घुसडणारा काही चोरत नाही. तो पदरचेच देतो. तरी ते असत्य ठरते, कारण ‘हे कोणाचे?’ या वाचकाच्या प्रश्नास खोटे उत्तर मिळते.

परीक्षेतील उत्तरपत्रिका हीसुद्धा एक नाममुद्राच होय. कायदा शब्दरचनेचे रक्षण करतो व विचार सर्वांस मोकळा ठेवतो. परीक्षेचा न्याय नेमका उलटा. ग्रंथातील शब्द खुशाल घ्या, कोठून घेतले ते सांगा. मात्र प्रश्नातील प्रसंगास नियम लावून पाहणारी बुद्धी तुमची असावी.

येथे कोणी म्हणेल, पर्यवेक्षक नसला तरी परमेश्वर पाहतोच. भाविकास हे पटते, मलाही पटते. पण तेवढ्याने समाधान होत नाही. पाहणाऱ्याच्या भयाने जो थांबला, त्याला तेथे अन्याय कोणता हे उमगलेच असे नाही. ते पाहण्यासाठी परीक्षा संपल्यानंतरच्या दिवसांकडे वळले पाहिजे.

समजा, एखाद्या वृद्ध कीर्तनकारांच्या आख्यानांचे ध्वनिमुद्रण करू इच्छिणारा कोणी एक कागद घेऊन आला आहे. त्यात हक्क हस्तांतरित केल्याचे लिहिले आहे, मुदत लिहिलेली नाही. बुवांस इंग्रजी येत नाही. ते शेजारच्या प्रमाणपत्रधारक मुलास विचारतात. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षांची मानतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतर भारतापुरतेच धरतो, हे १९ व्या कलमात आहे. ज्याने परीक्षेत असा प्रश्न स्वतः झगडून सोडवला, तो ते कलम शोधील, मुदत लिहून घ्या म्हणून सांगेल. दुसरा कागदावरून नजर फिरवील आणि ‘ठीक दिसते’ म्हणेल. बुवा त्याच्या भिंतीवरील प्रमाणपत्राकडे पाहतील आणि सही करतील.