रानातली बालवाडी आणि धोक्याचा धडा

जर्मनीत ऐन हिवाळ्यात, पारा शून्याच्या आसपास असताना, तीन ते सहा वर्षांची पंधरा-वीस पोरं पाठीला सॅक लावून दोन शिक्षिकांबरोबर रानात शिरतात. जेवणवेळेपर्यंत मुक्काम तिथेच. आसऱ्याला फार तर चाकांवरची एक लाकडी खोली. हा प्रकार मूळचा डेन्मार्कचा. तिथे एला फ्लाटाऊ यांनी १९५०च्या दशकात मुलांना रोज रानात न्यायला सुरुवात केली. जर्मनीत १९६८ साली वीसबाडेनला अशी बालवाडी निघाली, पण फ्लेन्सबुर्गच्या बालवाडीला सरकारी मान्यता मिळाली १९९३ साली, आणि मग संख्या भराभर वाढून दीड हजारांच्या पुढे गेली. या बालवाड्यांचं कौतुक होतं ते निसर्गसान्निध्याचं. मला ते अपुरं वाटतं. नुसती झाडं बघून कुणी शहाणं होत नाही. रानाची खरी किंमत अशी की तिथे मुलाला स्वतःच्या कुवतीचा अंदाज स्वतःच घ्यावा लागतो.

झाडावर मुलाला कुणी उचलून ठेवत नाही. ज्याला जितकं चढता येईल तितकंच त्याने चढायचं. काठी तासायला खरा चाकू मिळतो, पण आधी खाली बसायचं, पातं अंगापासून दूर धरायचं, हाताच्या टप्प्यात दुसरं कुणी नको. वाटेवर पुढे पळायला मुभा आहे, मात्र ठरलेल्या झाडापाशी सगळ्यांसाठी थांबायचं. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ साली धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, हत्यारं, आग-पाण्याची जवळीक, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. आपल्या बहुतेक बालवाड्यांत या सहाही प्रकारांवर बंदी असते. जमिनीला रबर, भिंतीवर रंगवलेला वाघ!

अशा बालवाडीचा मुलांना फायदा होतो, याला पुरावा काय? हायडेलबर्ग विद्यापीठातल्या पीटर हेफ्नर यांच्या २००२च्या प्रबंधात, पहिलीच्या शिक्षकांना रानातून आलेली मुलं एकाग्रतेत आणि वर्गातल्या सहभागात सरस वाटली. अशी बालवाडी निवडणारे पालक मुळातच हौशी असतात, हा आक्षेप रास्त आहे; त्यामुळे या निष्कर्षावर फार भार टाकू नये. चीनमधल्या ग्वांगझूचा, २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक भक्कम. तिथे शाळाच चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या होत्या. पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं, तर तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टिदोष (दूरचं अंधुक दिसणं) जडण्याचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. अर्थात डोळ्यांना उजेड पुरतो, रान लागत नाही.

धोक्याचं काय, हा प्रश्न उरतोच. युरोपातल्या रानात गोचिडीतून मेंदूज्वर होतो. म्हणून लस टोचतात आणि रोज मुलांचं अंग तपासतात. वादळाचा इशारा असला की त्या दिवशी रान बंद. म्हणजे धोका नाकारायचा नाही, मोजायचा. आपल्याकडे साप, ऊन, मुसळधार पाऊस. शिवाय शहरात रान आणायचं कुठून? पण जर्मन नमुना उचलायची गरजच नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती; मुलं होती तिथे शाळा गेली. बालवाडीचा प्रवेश घेताना फी आणि इंग्रजीची चौकशी आपण करतोच. सोबत एवढंही विचारा: मूल झाडावर चढलं, तर बाई काय करतात?